डावं-उजवं

तात्या अमेरिकन आहेत. सहा फूट उंची, तांबूस चेहरा, पांढऱ्या मिशा, डोक्यावर ग्रीन बे पॅकर्सची टोपी आणि आडनाव जर्मन. तरी आमच्या घरात ते तात्याच. परदेशात मराठी माणसाला एक सोय असते, शेजाऱ्यांबद्दल शेजाऱ्यांसमोर बोलता येतं. पंचाईत होते ती नावाची, कारण नाव कुठल्याही भाषेत कळतं. म्हणून आमच्या बायकोनं गल्लीतल्या सगळ्यांचं बारसं करून टाकलंय. समोर बापट राहतात, ते मूळचे नॉर्वेचे. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बाई म्हणजे सरपंच. आणि कुंपणापलीकडे तात्या आणि काकू. आता इतकी सवय झालीय की त्यांच्या मेलबॉक्सवरचं खरं नाव वाचलं की नवं बिऱ्हाड आलं की काय असं वाटतं.

गाव विस्कॉन्सिनमधलं, मॅडिसनपासून फार लांब नाही. या राज्यात गाड्यांच्या नंबर प्लेटवर 'अमेरिकाज डेअरीलँड' असं छापलेलं असतं आणि त्यात अतिशयोक्ती नाही. तात्यांनी जन्मभर गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. नुसत्या पल्सेटरच्या टिकटिकीवरून मशीन कुठं अडतंय ते सांगत, अशी त्यांची ख्याती. आता ते निवृत्त आहेत. काकू अजून शाळेची बस चालवतात, आणि तात्यांना निवृत्त होऊ दिल्याचा पश्चात्ताप त्यांनी आमच्याजवळ अनेकदा व्यक्त केलाय.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार उजाडला की इथं हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा मोसम सुरू होतो. नऊ दिवस. पाच लाखांवर माणसं परवाने काढून रानात शिरतात. अंगात भडक केशरी जाकीट हवं, कायदाच आहे तसा. 2016 पासून भडक गुलाबीही चालतं, पण तात्यांच्या पिढीत कुणी ते अंगाला लावल्याचं मी पाहिलेलं नाही. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणी मीटिंग लावत नाही. लावली तरी येतो कोण? मी आणि एक चेन्नईचा मुलगा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीचा विषय मिटवला, त्यामुळे माझ्या वयाच्या मराठी माणसाचा रायफलीशी संबंध आला तो कॉलेजात एन.सी.सी.च्या पॉइंट टू-टूपुरता. पालथं पडायचं, पाच गोळ्या झाडायच्या आणि त्यातल्या किती शेजारच्याच्या टार्गेटवर गेल्या ते हवालदाराच्या तोंडून ऐकायचं. एवढ्या भांडवलावर तात्यांनी मला आपला रायफल-सल्लागार नेमलं. याचं कारण उघड होतं. गावातल्या बाकी सगळ्यांना रायफलीतलं कळत होतं, त्यामुळे ते तात्यांना टाळायचे.

तात्यांकडे रायफल नव्हती असं नाही. 2011 साली सेलमध्ये घेतलेली एक होती. सॅव्हेज कंपनीची, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची, स्कोप बसवून चारशे डॉलरच्या आत पडलेली. तिनं त्यांना कधी दगा दिला नाही. दर मोसमाला पांढऱ्या शेपटीचं एखादं हरीण पदरात पडायचं, त्याचे सॉसेज व्हायचे, त्यातले काही आमच्या फ्रीजरमध्ये यायचे. एकदा मांडीचा मोठा तुकडा आला, त्याचा बायकोनं कोल्हापुरी पद्धतीनं तांबडा रस्सा केला. तात्या घाम पुसत होते आणि काकू दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. तात्यांना फक्त आता एक चांगली रायफल घ्यायची होती.

"मग ही वाईट आहे का?" मी विचारलं.

"छे! ही उत्तम आहे."

"मग?"

"ही उत्तम आहे. पण चांगली नाही."

यावर काकू सिंकपाशी उभ्या राहून नुसत्या हसल्या.

तात्यांचा सिद्धांत असा की माणसानं चांगली वस्तू आयुष्यात एकदाच घ्यावी, आणि अशी घ्यावी की पुन्हा बघायला नको. सिद्धांत बिनतोड आहे. पण त्यातून निघतं असं की बघायचं ते सगळं आधीच बघून घेतलं पाहिजे. आणि बघण्यात तात्यांचा हात कुणी धरणार नाही. हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा पारा शून्याच्या बराच खाली जातो, बाहेर करण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा त्यांच्या गॅरेजमध्ये हीटर लावून आम्ही बसायचो. बाकावर कॅटलॉगांची चळत, कानामागे पेन्सिल आणि पुढ्यात एक जाड वही.

तात्या रायफल बघायचे ती आपल्याकडे मुलीसाठी स्थळ बघतात तशी. आधी घराणं. "सावर कंपनी," ते सांगायचे, "सन 1751. जर्मनीत, झूल गावी." 1751 म्हणजे नानासाहेब पेशव्यांची कारकीर्द, असा मी मनात हिशेब करायचो, कारण माझं ज्ञान शाळेतल्या सनावळीपलीकडे जात नाही. "रिग्बी, 1775, डब्लिन." सवाई माधवराव अजून रांगत होते. "बेरेटा, इटली, 1526." इथं मात्र मला हात वर करता आला. पानिपतची पहिली लढाई! तात्यांना पानिपत माहीत नव्हतं. मी सांगितलं, त्यांनी वहीत बेरेटापुढे लिहून घेतलं.

घराण्यानंतर गुणदोष. ब्लेझरची आर-एट बघा: बोल्ट उचलायचाच नाही, सरळ मागं ओढायचा आणि सरळ पुढं ढकलायचा. माउझर म्हणजे 1898 च्या बोल्टचा खानदानी वारसा, जगातल्या निम्म्या शिकारी रायफली त्या बोल्टच्या नकला. सावर गुळगुळीत. एक अख्खा हिवाळा या तिघांत गेला. तात्या ब्लेझरकडे झुकले की माउझरचं वाईट वाटायचं, माउझर घ्यावी म्हटलं की सावर दिसायला उजवी. शेवटी मीच एकदा घरी बसून जरा शोध घेतला आणि दुसऱ्या दिवशी भीतभीतच सांगितलं की तात्या, या तिन्ही रायफली आज जर्मनीतल्या इस्नी नावाच्या एकाच गावातून येतात आणि मालकही एकच आहे.

तात्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"रिग्बी?"

"रिग्बीही 2013 पासून त्याच मालकाची."

"साको आणि टिका?"

"फिनलंडात एकाच कारखान्यात. मालक बेरेटा."

पानिपतवाले. ही बातमी बायकोला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सगळी सगोत्रच की! मग पत्रिका कशाला जुळवताय?" तात्यांना देशी माल घ्यावा असंही मधूनमधून वाटायचं, म्हणून आम्ही अमेरिकन नावांकडे वळलो, तर तिथं आणखी घोळ. ब्राउनिंग म्हणजे अमेरिकन शस्त्रकलेचा बाप, पण त्या नावाची एक्स-बोल्ट रायफल तयार होते जपानात. विंचेस्टरचं मॉडेल सेव्हन्टी, 1936 पासून अमेरिकन शिकाऱ्याच्या गळ्यातला ताईत, हल्ली जोडलं जातं पोर्तुगालात. आणि ही दोन्ही नावं बेल्जियमच्या एकाच समूहाच्या छत्राखाली. राहता राहिली वेदरबी. तिनं 2019 च्या सुमाराला कॅलिफोर्निया सोडून वायोमिंगमध्ये शेरिडनला बिऱ्हाड हलवलं, यावर तात्या खूश होते. पण तिची त्यातल्या त्यात परवडणारी व्हॅनगार्ड बघितली तर तीही जपानी माहेरची.

दोन-तीन दिवस तात्या गप्प होते. मला वाटलं आता तरी यादी आटोपेल. मग एका संध्याकाळी कुंपणाशी येऊन म्हणाले, "माझे तीन भाऊ आहेत. एका आईचे. पण एकाला उसने पैसे देऊ नये, एकाकडून घेऊ नये, आणि एकाशी बोलूच नये." यादी होती तेवढीच राहिली.

मी सॉफ्टवेअरवाला, तेव्हा साहजिकच एक दिवस एक्सेल उघडलं. प्रत्येक गुणाला मार्क, प्रत्येक मार्काला वजन, खाली बेरीज. बोल्टचा गुळगुळीतपणा, चापाचा हलकेपणा, रायफलीचं वजन, नेमाची हमी, अक्रोडाचा दस्ता, किंमत. तात्यांनी तीन संध्याकाळी घालवून मार्क दिले. टिका पहिली आली.

"हे बरोबर नाही," तात्या म्हणाले.

"गणित बरोबर आहे, तात्या."

"गणित बरोबर असेल. उत्तर बरोबर नाही."

मग अक्रोडाचं वजन वाढवलं. साको वर आली. साको म्हणजे टिकाची थोरली बहीण, त्याच छपराखालची, पण दुपटीहून महाग. "दुप्पट पैसे कशाबद्दल?" तात्यांनी मलाच दरडावून विचारलं. किमतीचा कॉलम काढून टाकला, तेव्हा ब्लेझर आली. तिला चार हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात हे आठवल्यावर कॉलम परत घातला. शेवटी 'नातवंडांना देण्याजोगी' असा एक गुण काढला, त्यात माउझर जिंकली. तात्यांना नातवंडं नाहीत. एकुलती मुलगी शिकागोला असते आणि ती मांस खात नाही. या सगळ्यातून माझ्या एवढं ध्यानात आलं की पहिला नंबर लागणं हा तात्यांच्या यादीत मोठा अवगुण होता. जी पहिली आली तिच्यावर त्या क्षणापासून संशय.

नेमाच्या हमीवरून तर काकूंचा आणि त्यांचा कायमचा वाद. यातल्या बऱ्याच कंपन्या लेखी हमी देतात की शंभर यार्डांवरून तीन किंवा पाच गोळ्या साधारण इंचभर जागेत पडतील. शास्त्रात त्याला मिनिट ऑफ अँगल म्हणतात. तात्या ते इंचात सांगताना 1.047 असं पुरतं सांगायचे, दशांशचिन्हानंतरचं शून्यसुद्धा गाळत नसत.

"तुझ्या मचाणावरून दिसतं किती?" काकू विचारायच्या.

"ऐंशी यार्ड."

"पुढं?"

"पुढं ओकची झाडी आहे."

"आणि हरणाचं काळीज-फुप्फुस केवढ्या जागेत असतं?"

"आठ इंच धर."

"मग हा इंचाचा तंटा तू हरणाशी करतोयस का कागदाशी?"

तात्या उत्तर देत नसत. काकूंच्या बोलण्याला वजन होतं, कारण काकूंकडे वडिलांची जुनी थर्टी-थर्टी आहे, विंचेस्टरची 1894 सालच्या मॉडेलची, खालचा लिव्हर ओढून भरायची. तिच्यावर स्कोपसुद्धा नाही. मोसमाच्या पहिल्या दिवशी उजाडता उजाडता काकू मचाणावर चढतात, पहिल्या तासाभरात एक आवाज येतो, आणि दुपारी त्या बसचे टायर तपासायला मोकळ्या असतात. हरीण सोलण्यापासून सगळं स्वतः. ती रायफल कोणत्या घराण्यातली, तिचा बोल्ट किती अंशात उघडतो, हे त्यांना कुणी विचारलं नाही. तिला बोल्टच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या सपर क्लबात फिश फ्राय असतो. तळलेला मासा, कोलस्लॉ आणि ब्रँडीचा ओल्ड फॅशन्ड. व्हिस्की मागितली तर माणूस परगावचा ठरतो. तिथं तात्यांचे दोस्त जमतात आणि तिथं प्रश्न ब्रँडचा नसतो, काडतुसाचा असतो. एक गट थर्टी-ऑट-सिक्सचा. हे काडतूस 1906 चं, दोन महायुद्धं पाहिलेलं, आणि त्याचे भक्तही वयानं फार मागे नाहीत. एक जण टू-सेव्हन्टीवाला, 1925 चा. थ्री-नॉट-एटवाले मधल्यामध्ये समजूत घालणारे. आणि एका तरुण जावयानं सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर आणलेली, 2007 चं काडतूस. त्याच्यावर सगळे मिळून तुटून पडतात. तात्या प्रत्येकाचं ऐकून घेतात, प्रत्येकाला मान डोलावतात, आणि परतताना गाडीत म्हणतात, "बघ, काडतुसाचं नक्की झाल्याशिवाय रायफलीचा विचार करणं म्हणजे घाई आहे."

दुकानात मात्र तात्यांचं रूप बघण्यासारखं. मॅडिसनच्या बाहेर हायवेला एक अवाढव्य दुकान आहे, तिथं भिंतभर रायफली उभ्या असतात. तात्या आत शिरले की टोपी काढतात. काउंटरवर रायफल आली की ती खांद्याला लावत नाहीत. दुकानात रायफल खांद्याला लावून छताच्या दिव्यांवर नेम धरणं हे पोरांचं काम, असं त्यांचं मत. रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घेतात, मग काउंटरवर आडवी धरून उजव्या हातानं बोल्ट उचलतात, अगदी सावकाश, आणि डोळे मिटून ऐकतात. टिकाची नळी आभाळाकडे केली तर उघडा बोल्ट आपल्या वजनानंच मागं घसरतो. तो आवाज ऐकताना तात्यांच्या मिशांखाली काहीतरी हलतं. वेदरबीच्या मार्क फाइव्हचा बोल्ट 54 अंशांत उघडतो, एक्स-बोल्टचा 60, जुन्या माउझर पद्धतीचा 90. हे त्यांना पाठ आहे, आणि तरी खिशात कोनमापक असतो. विक्रेते त्यांना ओळखून आहेत. तात्या दिसले की दोघे जेवायला जातात, तिसऱ्याची पाळी येते.

मधेच एक रिग्बीचा हिवाळा येऊन गेला. त्याला मी जबाबदार. माझ्या शेल्फवर जिम कॉर्बेटचं पुस्तक होतं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल 1907 साली कॉर्बेटला बक्षीस मिळाली ती रिग्बीची पॉइंट टू-सेव्हन-फाइव्ह. तात्यांना हे माझ्याआधी ठाऊक होतं, पण कुमाऊंच्या देशातला माणूस आपल्या कुंपणाशी राहतो या विचारानं त्यांना भरून आलं. त्यांनी मला वाघांबद्दल विचारलं. मी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला वाघ पाहिलेला. तो झोपला होता. पण तात्यांना ते पुरलं. दोन महिने ते लंडनच्या रिग्बीची स्वप्नं बघत होते. किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे. काकूंनी ती ऐकली आणि म्हणाल्या, "घे. पण मग वाघ तूच शोध."

ऑक्टोबरच्या शेवटी मोसमाआधी सगळे आपापल्या रायफलींचे नेम तपासून घेतात. त्यासाठी गावाबाहेरच्या रेंजवर तात्या-काकूंबरोबर मी गेलो. इतके दिवस तात्यांच्या तोंडून रायफल ऐकली होती, तात्यांच्या हातात सुटताना प्रथमच बघत होतो. ते बाकाशी बसले, काळी सॅव्हेज वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि दस्ता डाव्या खांद्याला लावला. डावा डोळा स्कोपला. डाव्या तर्जनीनं चाप. आवाज झाला, आणि मग जे झालं ते मी पुन्हा पुन्हा बघितलं. बोल्टचा दांडा रायफलीच्या उजव्या अंगाला. तात्यांचा डावा हात चापावरून उठला, स्कोपच्या डोक्यावरून पलीकडे उतरला, दांडा उचलून मागं ओढला, रिकामं काडतूस त्यांच्या नाकासमोरून उजवीकडे उडालं, हात दांडा पुढं ढकलून त्याच वाटेनं परत चापावर. हे सगळं गाल किंचित मागं घेऊन, एका दमात. घाई नाही, अडखळणं नाही.

"तात्या डावखुरे आहेत?" मी काकूंना विचारलं.

"जन्मापासून."

"पण लिहितात उजव्या हातानं!"

"ते शाळेतल्या नन्सनी पट्टी मारून शिकवलं. नन्सकडे रायफल नव्हती म्हणून तेवढं डावं राहिलं."

"मग ही उजव्या हाताची का घेतली?"

"सेलमध्ये उजवीच होती."

माझ्या डोक्यात एक्सेलचे कॉलम फिरू लागले. आम्ही बोल्टचे अंश मोजले होते, चापाचा दाब मोजला होता, नातवंडं मोजली होती. हाताचा कॉलम नव्हता. डाव्या हाताच्या रायफली सगळे बनवत नाहीत. बनवतात तेही मोजक्या मॉडेलांत, मोजक्या काडतुसांत. म्हणजे हा एक कॉलम घातला असता तर यादी चहा निवायच्या आत संपली असती.

"त्यांनी दुकानात कधी सांगितलं नाही," मी म्हणालो.

काकूंनी कानातला बोळा काढून माझ्याकडे कीव आल्यागत बघितलं. "दुकानात रायफली किती?"

"दीडशे-दोनशे."

"त्यात डाव्या?"

"एखाद-दुसरी असेल."

"मग सांगून तो बिचारा दिवसभर करेल काय?"

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा दुकानात गेलो. जुने विक्रेते नेहमीप्रमाणे जेवायला गेले. काउंटरवर एक नवी मुलगी होती, पंचविशीची, केसांची वेणी, नखांत बंदुकीचं तेल. तात्यांनी साको मागितली, बोल्ट उघडला, डोळे मिटले. मुलगी त्यांचं ऐकणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "सर, घड्याळ उजव्या मनगटात बांधता. डावखुरे का?"

"नाही," तात्या म्हणाले.

मी छताकडे बघू लागलो.

"मी आहे," मुलगी म्हणाली, "माझे वडीलही," आणि भिंतीच्या पार टोकाला जाऊन एक रायफल घेऊन आली. टिका. काळा दस्ता. बोल्टचा दांडा डाव्या अंगाला. तात्यांनी ती हातात घेतली. आजवर दुकानात कधी न केलेली गोष्ट केली, खांद्याला लावली. डावा हात चापावरून उठला, स्कोप नसलेल्या नळीच्या डोक्यावरून जायला म्हणून सवयीनं वर गेला आणि मध्येच थांबला. दांडा तिथं नव्हता. तो हाताखालीच होता. तात्यांनी बोल्ट मागं ओढला, पुढं ढकलला. पुन्हा. पुन्हा. डोळे या वेळी उघडे होते.

"अक्रोडाच्या दस्त्याची आहे का?"

"डाव्यात नाही."

"क्रीडमोरमध्ये?"

"डाव्यात ही एकच आहे, सर. थ्री-नॉट-एट."

"दुसरी एखादी कंपनी?"

"दुकानात डावी हीच एक."

असं बोलणं तात्यांच्या कानांवर कधी पडलं नसावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एक्सेलवाला, पण मला काही सुचेना. शेवटी त्यांनी उजव्या हातानं पाकीट काढलं. केंद्र सरकारचा फॉर्म भरायचा असतो, 4473 नंबरचा. तो भरला की दुकानदार एफबीआयकडे चौकशी करतो, माणूस गुन्हेगार वगैरे नाही ना याची. इतके हिवाळे तात्यांना जे ठरवता आलं नाही त्याला एफबीआयनं मुलीची बिलाची पावती छापून व्हायच्या आत होकार दिला. सरकार इतक्या घाईनं निर्णय घेतं याबद्दल तात्यांनी तिथल्या तिथं नापसंती दर्शवली.

परतताना ट्रकमध्ये एक शब्द नाही. रायफल मागच्या सीटवर लांबट खोक्यात. मॅडिसन मागं पडलं, शेतं लागली, कापलेल्या मक्याचे सड. मी म्हणालो, "अभिनंदन, तात्या." ते म्हणाले, "हं." मी म्हणालो, "चांगली आहे." ते म्हणाले, "उत्तम आहे," आणि माझ्या पोटात गोळा आला.

घरी काकूंनी चिली करून ठेवली होती. तात्यांनी खोकं कोपऱ्यात उभं केलं, जेवायला बसले आणि चमचा फिरवत राहिले. गॅरेजमधला हीटर त्या संध्याकाळी लागला नव्हता. वही बाकावर तशीच बंद. काकूंनी खोक्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला वाढता वाढता म्हणाल्या, "बाबांची ती थर्टी-थर्टी आता माझ्या खांद्याला लागायला लागलीय."

काकूंचा खांदा दुखतो हे मी प्रथमच ऐकत होतो. थर्टी-थर्टीचा धक्का तसा सौम्य असतो असं खुद्द तात्यांनीच मला सांगितलं होतं, वहीत बघून.

"मलाही एखादी नवी बघायला हवी," काकू म्हणाल्या.

तात्यांचा चमचा थांबला.

"मला त्यातलं काही कळत नाही. तूच बघ. हलकी हवी, लाकूड चांगलं हवं, काडतूस कुठलं ते तू सांगशील ते." काकूंनी चिलीवर चीज किसलं, किसणी खाली ठेवली. "आणि मी उजवी आहे."

तात्यांनी ताटली बाजूला सारली. कानामागे हात नेला, पेन्सिल नव्हती. मला म्हणाले, "ते तुझं एक्सेल आहे ना अजून?"

"आहे."

"बायकांच्या खांद्याला दस्ता आखूड लागतो. तो कॉलम नवा घालावा लागेल. म्हणजे सगळे मार्क पहिल्यापासून."

"जेव आधी," काकू म्हणाल्या. "मला काही घाई नाही."